दंतवैद्यक आपल्याकडे आलं कसं, आणि इथून पुढे कुठे न्यायचं?

रानजाई

कलकत्ता आणि मद्रासची मेडिकल कॉलेजं १८३५ ची, मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. देशातलं पहिलं डेंटल कॉलेज मात्र १९२० साली निघालं, आणि तेही सरकारने काढलेलं नव्हतं. मधल्या ८५ वर्षांत इंग्रज सरकारने इथे सर्जन तयार केले, देवीच्या लशी टोचल्या, प्लेगच्या साथीत घरोघर झडत्या घेतल्या. दात मात्र न्हाव्याकडे, वैदूकडे नाहीतर बाजारात चटई टाकून बसणाऱ्या माणसाकडेच राहिले. मी बरीच वर्षं सरकारी ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक म्हणून नोकरी केली. खुर्चीत येऊन बसणाऱ्यांची तोंडं बघताना सतत वाटायचं की त्या उशिराची किंमत अजून फिटलेली नाही. म्हणून हा धागा.

ते कॉलेज काढणारे डॉ. रफिउद्दीन अहमद मूळचे पूर्व बंगालचे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून १९१५ साली पदवी घेऊन ते काही वर्षांनी परतले, कलकत्त्यात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं आइस्क्रीमचं दुकान थाटलं आणि त्याच्या कमाईवर कॉलेज चालवलं. सरकारी अनुदान नाही, कुणा संस्थानिकाची देणगी नाही. १९२५ साली त्यांनी इंडियन डेंटल जर्नल सुरू केलं. बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला, त्यामागेही तेच होते. १९४९ साली हे हाताने वाढवलेलं कॉलेज त्यांनी सरकारच्या स्वाधीन केलं. आज ते त्यांच्याच नावाने चालतं. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. दंतवैद्यक शिकलेल्यांच्या बाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे मुंबईत नायर डेंटल कॉलेज १९३३ सालचं. त्याआधी १९२३ मध्ये फातिमा जिना (महंमद अली जिनांच्या बहीण) यांनी कलकत्त्याहून शिकून येऊन मुंबईत दवाखाना उघडला होता. फौजेसाठी स्वतंत्र डेंटल कोअर उभा राहिला १९४१ मध्ये, महायुद्ध अंगावर आल्यावर.

देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात त्या काळाचा हिशोब आहे. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, आणि तीन लाख माणसांमागे एक दंतवैद्य. पुढच्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण ४,००० माणसांमागे एक व्हावं असं समितीने म्हटलं होतं. आज देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आहेत आणि नोंदणी झालेले दंतवैद्य तीन लाखांच्या घरात आहेत. भागाकार केला तर पाच हजारांच्या आत एक येतो. कागदावर आपण भोर समितीच्या आकड्याजवळ पोचलो. तरी तालुक्याच्या गावातली बाई दाढ ठणकायला लागली की लवंग दाबते, मग गोळी घेते, आणि गाल सुजून डोळा मिटेपर्यंत कुणाकडे जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण जी रचना उचलली ती दुखल्यावर सुरू होते. शहरातली खुर्ची, खिशातले पैसे, ड्रिल. दुखण्याच्या आधी जे करायचं, ते कुणाचंच काम नाही. पुढची पन्नास वर्षं याच रचनेत आणखी खुर्च्या घालत बसायचं का? जाणकारांनी लिहावं, आणि पेशंट म्हणून ज्यांनी सोसलंय त्यांनी तर जरूर लिहावं.

कोरीव लेणं

लेख माहितीपूर्ण आहे, पण इंग्रजांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं असा सूर लागतोय, तो मला पटत नाही. खुद्द त्यांच्या देशात काय होतं? रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची दंतवैद्यकाची सनद १८६० ची, नोंदणीचा पहिला कायदा १८७८ चा. तरीही न शिकलेल्या माणसाला दात काढायची मुभा १९२१ पर्यंत होती. त्या वर्षी कायदा झाला तेव्हासुद्धा आधीपासून धंदा करणाऱ्यांना नोंदवहीत घ्यावंच लागलं. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज १८४० सालचं, अमेरिकेत बाल्टिमोरला. म्हणजे हा विषय त्यांच्याकडेही मेडिसीनच्या मागून रखडतच आला. जे घरात नव्हतं ते वसाहतीत कुठून येणार?

रानजाई

@कोरीव लेणं, मुद्दा बरोबर आहे आणि महत्त्वाचा आहे. हेतू होता की नव्हता यात मी पडत नाही. मला १९४८ हे वर्ष जास्त बोलकं वाटतं. त्या वर्षी मार्चमध्ये आपला डेंटिस्ट्स ॲक्ट आला. त्याच वर्षी ५ जुलैला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिच्यात दातांचे उपचार फुकट होते. लोकांनी इतकी गर्दी केली की १९५१ मध्ये कवळ्यांना आणि पुढच्या वर्षी इतर उपचारांना पैसे लावावे लागले. पण गरज किती साचली होती, हे तरी सरकारला आणि लोकांना डोळ्यांनी दिसलं.

आपला कायदा कशाबद्दल होता? दंतवैद्य कुणाला म्हणायचं, नोंदणी कशी करायची, कॉलेज कसं तपासायचं. नोंदवहीच्या ‘अ’ भागात शिकलेले आणि ‘ब’ भागात शिक्षण नसलेले, पण निदान पाच वर्षं त्याच धंद्यावर पोट भरणारे. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या १९२१ च्या कायद्याचीच ही वाट. पुढच्या वर्षी डेंटल कौन्सिल स्थापन झाली. धंद्याला शिस्त लागली हे चांगलंच झालं. उपचार मात्र लोकांपर्यंत कोण नेणार, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं आणि नंतरही कुणी मनावर घेतलं नाही.

सह्यकडा

‘ब’ भागावरून आठवलं. आमच्या लहानपणी मुंबईत चिनी डेंटिस्टच्या पाट्या बऱ्याच दिसत. काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या असत, त्या बघायला आम्ही मुलं थांबायचो. वडिलांची पहिली कवळी अशाच एका चिनी दवाखान्यात बसवलेली. शेवटपर्यंत त्यांनी ती वापरली, चकलीसुद्धा खायचे. ही मंडळी आली कुठून?

कोरीव लेणं

बरीचशी मूळची चीनच्या हुपेई प्रांतातली. कलकत्त्याच्या चिनी वस्तीत कामं गावागावांनुसार वाटलेली होती: हक्का लोक कातडी कमावण्याच्या धंद्यात, कँटनचे सुतारकामात आणि हुपेईचे दात बसवण्यात. बापाने मुलाला शिकवायचं असा रिवाज. १९६२ च्या युद्धानंतर अनेक कुटुंबं देश सोडून गेली. हाताचं कसब असलेली एक पिढी आपण त्यात गमावली.

जाता जाता, रूट कॅनालमध्ये दाताच्या मुळात जो गुलाबी पदार्थ भरतात तो गटापर्चा मलायातल्या झाडाचा चीक आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन मॉन्टगोमरी यांनी १८४३ मध्ये तो युरोपात पाठवला. मग समुद्राखालच्या तारांना आवरण म्हणून त्याची इतकी मागणी वाढली की तिथली जंगलं साफ झाली. वसाहतीचा माल वसाहतीबाहेर गेला आणि उपचार होऊन महागात परत आला.

आंबेमोहर

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे काहीच नव्हतं असं वाटायला नको. सुश्रुताने मुखरोग ६५ सांगितलेत. दंतधावनासाठी निंब, खैर, करंज, मोह यांच्या काड्या, गंडूष, कवल (औषधी द्रव तोंडात धरणं, खुळखुळवणं) हे सगळं आहे. त्याहूनही मागे जायचं तर बलुचिस्तानात मेहरगढला सापडलेल्या दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं आहेत. नऊ माणसांच्या अकरा दाढा, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे जिवंत माणसाच्या तोंडात केलेलं काम आहे.

रानजाई

@आंबेमोहर, छान भर घातलीत. फक्त एक सांगते. मेहरगढचं कसब पुढे कुणाकडे गेलं नाही, आणि सुश्रुताचं शल्य शतकानुशतकं वैद्यांच्या हातून सुटत गेलं. कडुनिंबाची काडी नीट चावून फिरवली तर दात स्वच्छ होतात, यात शंका नाही. पण साखर आणि चहा-बिस्किट घरोघरी पोचल्यावर नुसत्या काडीने भागत नाही. कीड रोखणारं फ्लोराइड लागतं.

तिसरी घंटा

फ्लोराइड शब्द वाचून लिहायला बसलो. मी नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला शिक्षक आहे. आमच्याकडे फ्लोराइड कमी नाही, जास्त आहे. हातपंपाचं पाणी पिऊन मोठी झालेली मुलं तोंड उघडतात तेव्हा दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. काहींच्या दातांना खड्डे पडलेत, कडा तुटल्यात. हसताना तोंडावर हात जातो, सातवी-आठवीच्या मुलींचा तर हमखास. गावातली म्हातारी माणसं पाठीत वाकलेली आहेत, मान वळत नाही. लोकांना वाटतं, म्हातारपण आहे. लग्न ठरवायला आलेले पाहुणे गावाचं नाव ऐकूनच मुलीचे दात बघतात.

शहरातून दंततपासणी शिबिरं येतात. टूथपेस्टच्या ट्यूब वाटतात, दोन वेळा ब्रश करा म्हणून सांगतात, फोटो काढतात आणि जातात. एका शिबिरातल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर मुलांना विचारलं, “ब्रश करत नाही का रे?” ती मुलं रोज ब्रश करतात हो. डाग आतून आलेत. त्यांना काय सांगायचं?

रानजाई

@तिसरी घंटा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हे दुखणं आपल्या देशात वैद्यकाच्या नोंदीत आलं १९३७ साली, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून. दातांचे डाग, आखडलेली हाडं, सगळं तेव्हा लिहून झालंय. त्यानंतर आठ वर्षांनी, १९४५ मध्ये, अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली, कारण तिथे ते कमी होतं आणि मुलांचे दात किडत होते. पुढे आपली पाठ्यपुस्तकं आली ती त्या बाजूची. फ्लोराइड घालावं कसं हे पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांनी पाठ केलं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडमधल्या गावांत प्रश्न आहे तो काढावं कसं हा. उसनी रचना म्हणजे काय, ते यात दिसतं.

काढायची रीत आपल्याच माणसांनी बसवली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात ‘नालगोंडा’ पद्धत तयार केली: पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर ठरलेल्या मापात घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. पद्धत स्वस्त आहे. पण माप रोज कुणीतरी पाळावं लागतं आणि गाळाची विल्हेवाट लावावी लागते. हे काम ज्याच्या अंगावर आहे तो माणूस गावात नसेल तर टाकी तशीच कोरडी पडते. म्हणून जिथे शक्य असेल तिथे पाण्याचा दुसरा उद्भव शोधणं, धरणाचं किंवा साठवलेल्या पावसाचं पाणी आणणं, हाच टिकणारा उपाय.

पालकांना एक गोष्ट नक्की सांगा. डाग पडतात ते दात हिरडीखाली घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत. त्यामुळे गावात चांगलं पाणी थोडंच असेल तर ते आधी अंगणवाडीतल्या आणि पहिली-दुसरीतल्या मुलांना प्यायला मिळालं पाहिजे. आठवीतल्या मुलीचे आलेले डाग पाणी बदलून जाणार नाहीत. तिच्या पुढच्या दातांवर भरण करून ते झाकता येतात, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा डेंटल कॉलेजात हे काम होतं. तिची चूक नाही, हे तिला वर्गात सगळ्यांसमोर सांगा.

पारिजातक

दाढ काढली की डोळ्यांवर परिणाम होतो, म्हणून आई तिची दाढ अजून काढू देत नाहीये. खरं काय आहे?

रानजाई

काहीही परिणाम होत नाही. दाढेच्या नसा आणि डोळ्याची नजर यांचा संबंध नाही. उलट वरच्या दाढेतला पू तसाच राहिला तर सूज डोळ्यापर्यंत चढते. आईंना न्या, उशीर करू नका. मधुमेह किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

बीडीएस आणि पुढे

मी तीन वर्षांपूर्वी पास झालो. तीन लाख दंतवैद्यांमधला एक. वरचं सगळं वाचून एक बाजू मांडावीशी वाटते.

बहुतेक कॉलेजं खासगी आहेत. घरच्यांनी जमीन गहाण ठेवून शिकवलेली मुलं आमच्या वर्गात होती. बाहेर पडल्यावर शहरात एका रस्त्यावर दवाखान्याला दवाखाना लागून. दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये नोकरी केली तर पगारात खोलीचं भाडं आणि मेस जेमतेम सुटते. स्वतःचं टाकायचं तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, सगळं कर्जाने. गावात जा म्हणतात, आमची तयारी आहे, पण सरकारी जागा किती निघतात? प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पदच नाही. वरच्या रुग्णालयात आहे, पण कित्येक ठिकाणी खुर्ची बंद आणि साहित्य नाही. माझ्या वर्गातले कितीतरी जण विमा कंपन्यांची कागदपत्रं तपासायला लागलेत, काही स्पर्धा परीक्षा देतायत. २०२३ मध्ये नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा संसदेत मंजूर झाला. १९४८ चा कायदा जाऊन नवीन आयोग, निम्म्या खासगी जागांच्या फीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं, शेवटच्या वर्षी देशभर एकच परीक्षा. चांगलं आहे. पण परीक्षा पास झाल्यावर काम कुठे, ते त्यात नाही.

पारिजातक

डॉक्टर, आणखी एक विचारते. माझी मावशी मशेरी लावते. सकाळी एकदा, दुपारी एकदा. आता तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. सुपारीही खाते. ती म्हणते, दात दुखत नाहीत त्यामुळे तर चाललंय.

रानजाई

@पारिजातक, मावशींना या आठवड्यात दाखवा. तोंड कमी उघडणं आणि तिखटाची आग ही सबम्यूकस फायब्रोसिसची लक्षणं असू शकतात. त्याचं मुख्य कारण सुपारी. गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं आणि पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. हा आजार वैद्यकाच्या नियतकालिकांत आला १९५२ मध्ये, केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांवरून. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांवर लिहून त्याला आजचं नाव दिलं. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि पेस्टवर १९९२ पासून देशभर बंदी आहे. पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कुठली बंदी लागू पडणार? हे काम घरात बसून, बायकांशी बोलूनच करावं लागतं.

आणि इथेच भविष्याबद्दलचा माझा मुद्दा येतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात जवळजवळ एक लाख नव्वद हजार लोकांचा अभ्यास झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उजेडात तोंडं तपासली. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. निकाल २००५ साली छापून आले. बॅटरी, लाकडी पट्टी आणि शिकवलेली नजर, एवढंच लागलं. आज तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं तोंड तपासायचं हे सरकारी कार्यक्रमात आहे, उपकेंद्रातल्या सेवांच्या यादीत प्राथमिक मुखआरोग्यही आहे. फॉर्मवर तोंडाच्या रकान्यात खूण होते, पण तोंड उघडायला सांगितलं जातंच असं नाही.

मुलांचंही तसंच. न्यूझीलंड ही इंग्रजांचीच वसाहत. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात बघून तिथलं सरकार हादरलं आणि १९२१ पासून दंतपरिचारिकांना दोन वर्षं शिकवून शाळाशाळांत नेमायचं सुरू केलं. टांझानियात ऐंशीच्या दशकात वीज आणि ड्रिल नसताना हाताच्या हत्यारांनी कीड काढून सिमेंट भरायची पद्धत बसवली गेली, ती आता जगभर शिकवतात. ते सिमेंट, फ्लोराइड आणि कीड थांबवणारं चांदीचं द्रावण २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. यातलं काहीच शहरातल्या खुर्चीला बांधलेलं नाही.

बीडीएस आणि पुढे

तपासणीला हरकत नाही. पण दोन वर्षं शिकलेल्या माणसाने दात भरायचे, आणि पाच वर्षं शिकलेला मी घरी बसायचो? इथे तीन लाख दंतवैद्य असताना न्यूझीलंडचं उदाहरण लागू होतं का? त्यांच्याकडे तेव्हा माणसं नव्हती. आमच्याकडे माणसं आहेत, पदं नाहीत. स्वस्तातला माणूस गावाला आणि शिकलेला शहराला, हा न्याय गावालाही नाही.

रानजाई

तुमचा शेवटचा मुद्दा मी मनापासून मान्य करते. न्यूझीलंडची नक्कल आपल्याला नकोच. एका तालुक्याला दोन दंतवैद्य कायम पदावर, त्यांच्या हाताखाली शाळांचं वेळापत्रक, उपकेंद्रांतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना तोंड तपासायला शिकवायची जबाबदारी आणि संशयित रुग्णांना वर पाठवायचा अधिकार. दात तुम्ही भरा. नजर आशाताईंची असू द्या, कारण त्या ज्या घरात जातात तिथे आपण दोघंही पोचत नाही. कॉलेजांना दत्तक तालुके देऊन इंटर्नना तिथे महिनोन्‌महिने ठेवता येईल, एका दिवसाच्या शिबिरापुरतं नाही. तुमच्यासारख्यांनी संघटना म्हणून ही पदं मागितली पाहिजेत. नवीन कॉलेजांच्या मंजुरीवर होते तेवढी चर्चा पदांवर व्हायला हवी.

बीडीएस आणि पुढे

अशी मागणी असेल तर मी सही करायला पहिला येईन. शाळेच्या कामाला पगार दिला तर आमच्या बॅचचे निम्मे तरी तयार होतील, हे खात्रीने सांगतो.

तिसरी घंटा

डॉक्टर, एक राहिलं. आमच्या मुलांनी फ्लोराइडची पेस्ट वापरावी की नको? शिबिरवाले वापरा म्हणतात, गावातले नको म्हणतात.

रानजाई

आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या, प्रत्येक हातपंपाचा वेगळा, बाटलीवर पंपाची जागा लिहून. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा उद्भवच नसेल तर १.५ पर्यंत, त्याच्या वर नको. पंप जास्तीचा निघाला तर त्याला लाल रंग द्यायला ग्रामपंचायतीला सांगा, धुण्याभांड्याला वापरता येतो.

पेस्टचं म्हणाल तर तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहापर्यंत वाटाण्याएवढी, मोठ्या माणसाने समोर उभं राहून, थुंकायला लावून. तुमच्या भागातल्या ज्या लहान मुलांना थुंकता येत नाही, त्यांना पाणी सुधारेपर्यंत बिनफ्लोराइडची द्या. मोठ्या मुलांना नेहमीची फ्लोराइडची पेस्ट चालेल. नमुन्यांचे आकडे आले की इथेच टाका.

तिसरी घंटा

सोमवारी सातवीच्या मुलांना घेऊन बाटल्या भरतो. शाळेजवळचे पंप आधी, मग वाडीवरचे. आकडे आले की लिहितो.